फिरवायचा फोन

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन नजीरभाईंना बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत कामासाठी आलेला हा पहिला फोन. बाकीचे सगळे एकतर कुठली तरी स्कीम सांगणारे, नाहीतर हैदराबादेहून कहकशांचे. कहकशां म्हणजे त्यांची मुलगी. ती दर जुम्म्याला व्हिडिओ कॉल करायची. ‘अब्बा, मोबाइल जरा लांब धरा, नुसतं नाक दिसून राहिलं’ एवढं बोलून होतं न होतं तोच तिकडे कुकरची शिट्टी व्हायची. बायको गौसिया गेल्यापासून नांदेडच्या इतवाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत नजीरभाई आणि रेडिओ असे दोघेच बोलणारे उरले होते. त्यातही जास्त रेडिओच बोलायचा.

हा फोन लातूरचा होता. शिवप्रसाद सरांच्या क्लासच्या ऑफिसातून अंबिका नावाची मुलगी बोलत होती.

“चाचा, तुम्हाला जुने फोन ओळखता येतात का? अस्सल कोणता, नकली कोणता, असं?”

“मी ओळखीन. ते मला ओळखतील का, सांगता येत न्हाई.”

अंबिका हसली नाही. तिच्यासमोर तीन पालक उभे असावेत.

शिवप्रसाद सर लातुरात सगळ्यांना माहीत आहेत, कारण ते प्रत्येक चौकात उभे आहेत, वीस फुटी, हाताची घडी घालून. ते रसायनशास्त्र शिकवतात. भूकंपानंतर या जिल्ह्यात दोन गोष्टी नव्यानं उभ्या राहिल्या, घरं आणि क्लास. त्यांतल्या क्लासना अजून तडे गेलेले नाहीत. नव्या इमारतीत सरांना ‘वारसा दालन’ काढायचं होतं. डॉक्टर व्हायला येणाऱ्या मुलांना मुळांची जाणीव असावी, अशी त्यामागची कल्पना. जाणिवेसाठी बारा बाय अठराची एक खोली ठेवली होती, आणि एका व्यापाऱ्याकडून आठ जुने फोन आले होते.

अंबिकेनं सगळं एका दमात सांगितलं. त्यांतला मुख्य फोन अस्सल निघाला तर दालन होणार. दालन झालं तर मुलांना समजावून सांगायला रोज एक माणूस लागणार, आणि सरांच्या डोक्यात चाचाच आहेत. राहायला हॉस्टेलमध्ये खोली, जेवायला मेस, तीनशे मुलांबरोबर. नाही निघाला तर माल परत, आणि खोलीत बायोलॉजीची बॅच.

“किती मुलांबरोबर म्हणलात?”

“तीनशे. पण तुम्हाला गर्दी चालत नसंल तर डबा खोलीत देऊ.”

“नको नको,” नजीरभाई घाईनं म्हणाले. “खोलीत नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते लातूरला निघाले. मांडीवर खात्याच्या काळची चामडी पिशवी होती, तीत स्क्रू खोलायचे दोन पेचकस आणि एक टॉर्च. अहमदपूर येईपर्यंत त्यांनी मेसमध्ये कोणत्या टेबलावर बसायचं तेही ठरवून टाकलं: दाराजवळच्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार.

सात फोन दहा मिनिटांत निकाली निघाले. अंबिका वही घेऊन लिहीत होती.

“हा पितळी. चकती फिरवा बघू.”

“फिरत नाही, चाचा.”

“भोकात बटणं हायत. दाबायची. लिहा, नकली. हा बघा, लई जड वाटतो ना?” त्यांनी तळ उघडला. आत लोखंडाचा तुकडा गोंदानं चिकटवला होता. “वजन नंतर भरलंय. नवऱ्या मुलाच्या खांद्यात पॅड भरतात, तसं.”

“आणि हा?”

“याचे स्क्रू फुलीचे. आमच्या वेळचे सगळे एका खाचेचे. वायर प्लास्टिकची. घंटीच्या जागी चिवचिवणारी इलेक्ट्रिक चिमणी बसवलीय. हा तुमच्यापेक्षा लहान हाय, बाई.”

आठवा फोन टेबलावर वेगळा, मखमलीवर ठेवला होता. काळा. त्याच्याजवळ एक कार्ड उभं केलेलं: ‘माळसोनेगाव, भूकंपापूर्वी’.

नजीरभाईंनी कार्ड वाचलं आणि मग फोनकडे पाहिलं. नंतर पुन्हा कार्ड वाचलं.

तेवढ्यात सर आले. चौकातल्यापेक्षा बरेच बुटके होते आणि हाताची घडीही नव्हती.

“हा आमच्या घरचा आहे, चाचा,” ते म्हणाले. “माळसोनेगावात एकच फोन होता, आमच्या अप्पांच्या आडत दुकानात. विरूपाक्ष आडते. तुम्हीच बसवला होता म्हणे, मामांनी सांगितलं, म्हणून तुम्हाला शोधून काढलं. भूकंपाच्या वेळी मी पाच वर्षांचा. रेणापूरला मामाकडे होतो. अप्पा, आई, दुकान, काहीच राहिलं नाही. एक फोटोसुद्धा निघाला नाही. आता हा निघाला.”

“तुम्हाला आठवतो?”

“एवढंच आठवतं. मामी नेहमी सांगायची, अप्पा तुला मांडीवर घेऊन फोन फिरवायचे. आणि मला आठवतंही. माझं बोट या भोकात घालायचे, त्यावर त्यांचं बोट, आणि फिरवायचे.” सरांनी बोट पाचाच्या भोकात घातलं आणि चकती फिरवली. ती करकरत गेली आणि सावकाश परत आली.

नजीरभाईंनी फोन उलटा करून तळ उघडला. एका खाचेचे स्क्रू. कापडानं विणलेली तपकिरी वायर. आत पितळेच्या दोन घंट्या, तळाला जोडणीचा पिवळा पडलेला कागद. त्यांनी रिसीव्हर अंगठ्यानं जोरजोरात घासला आणि सरांच्या नाकाखाली धरला.

“कशाचा वास येतो?”

सरांनी वास घेतला. “फिनॉल,” ते हळूच म्हणाले. “बेकेलाइट. पंधरा वर्षं शिकवून राहिलो. एक मार्काचा प्रश्न आहे. वास आज पहिल्यांदा घेतला.”

“प्लास्टिकला हा वास येत न्हाई. फोन अस्सल हाय, सर.”

“अंबिका, लिही,” सर म्हणाले, आणि डोळे पुसायचे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. “मग आमचाच.”

इथं नुसती मान हलवायची होती. नजीरभाई एक शब्दही खोटा बोललेले नव्हते, आणि बोलावाही लागणार नव्हता. खोलीबाहेर तास सुटला होता. जिन्यावरून शंभरएक मुलं एकदम उतरत होती, आणि त्या धडधडीनं टेबलावरचे साती नकली फोन आतल्या आत खुळखुळत होते. पण अडतीस वर्षं तारा जोडलेला माणूस होता. चुकीच्या घरी जोडलेली लाइन बंद नसते, चांगली चालू असते. तिची तक्रारच येत नाही, म्हणून ती सगळ्यात वाईट.

“सर,” ते म्हणाले, “फोन अस्सल हाय. गाव चुकलंय.”

“म्हणजे?”

“माळसोनेगावात चकतीचा फोन कधी आलाच न्हाई. तिथलं सगळं काम हातावर होतं. भिंतीवर लाकडी पेटी, तिच्या उजव्या अंगाला हँडल. हँडल फिरवलं की तालुक्याला एक्सचेंजची बाई उचलायची, ‘कोण पाहिजे?’ म्हणायची. तिथं नंबर फिरवायची सोयच नव्हती. भूकंप होईस्तोवर तेच होतं. हा फोन कुठल्या तरी शहरातल्या हापिसातला दिसतो.”

“पण मामी म्हणायची, अप्पा फोन फिरवायचे.”

“मग, फिरवायचेच की. लई जोरात फिरवायचे. तालुक्याच्या बाईनं दोनदा तक्रार केली होती, माळसोनेगावचे अप्पा कान फोडून राहिले म्हणून. मामी खरंच बोलल्या. त्यांनी हँडल सांगितलं. चकती तुम्ही बसवली असंल. मागाहून.”

सर चकतीकडे बघत राहिले. बोट पुन्हा पाचाच्या भोकात गेलं होतं. ते त्यांनी बाहेर काढलं, खिशात घालायला जागा शोधल्यासारखं केलं, आणि घड्याळ पाहिलं.

“चारची बॅच आहे,” असं म्हणून ते गेले.

अंबिकेनं चहा आणला आणि पाचच्या नांदेड गाडीची वेळ सांगितली. मग दरवाजाकडे बघून हळूच म्हणाली, “चाचा, तुम्ही अस्सल म्हणून गप्प राहिला असता, तर ते खोटं तरी कुठं होतं?”

“तोच तर घोळ होता, बाई.”

“हिथं बरं झालं असतं तुम्हाला. मेसचं वरण चांगलं असतं.”

“हाव. असंल,” नजीरभाई म्हणाले आणि पिशवी उचलली. जिन्याखाली दोन माणसं बायोलॉजीचे बाक घेऊन आलीच होती. बाकांना वाट द्यायला ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी कुणी बसलं नाही. मोबाइल वाजला तेव्हा माळाकोळी मागे गेली होती.

“चाचा, शिवप्रसाद बोलतोय.” आवाज वर्गातला नव्हता. “पेटी किती उंचीवर होती?”

“पाच फूट. मीच ठोकली होती. शेळ्यांचं तोंड आन् पोरांचा हात पोचू नये म्हणून उंच घेतली. अप्पा म्हणले होते, अजून वर घे.”

“मग मी मांडीवर नसणार.”

“ते मी पाहिलं न्हाई, सर. मी तिथं वर्षातून दोनदा जायचो.”

“बरं,” सर म्हणाले. ते ठेवणार होते.

“पण हिशोबानं सांगतो,” नजीरभाई भरभर म्हणाले. “मांडीवरून कुणाचाच हात पोचत नव्हता. तुमचा हात फिरवल्याचं ध्यानात असंल, तर त्यांनी तुम्हाला कडेवर घेतलं असणार. डाव्या कडेवर. उजव्या हातानं फिरवायचं असायचं. आन् हँडल जड होतं, सर. पाच वर्षांच्या पोराच्यानं फिरत न्हाई. वरून त्यांचा हात असल्याबिगर फिरलं नसतं.”

पलीकडून काहीच आलं नाही.

जुन्या लाइनीवर माणूस गप्प असला तरी तार बोलायची, बारीक घुं घुं करायची, आणि पलीकडे कुणी आहे हे त्यावरून कळायचं. मोबाइलात गप्प बसलेला आणि ठेवून गेलेला सारखाच ऐकू येतो. स्क्रीनवर बघायला नजीरभाईंना तो कानापासून काढावा लागला असता. त्यांनी तो काढला नाही. लोहा आलं, माणसं उतरली, थोडी चढली, आणि शेजारी येऊन बसलेल्या बाईनं, हा माणूस बोलतोय समजून, आपलं बोलणं हळू आवाजात केलं.