भोंगा

"भोंग्या, कुणावर ओरडतोयस? आम्ही इथंच बसलोय, तुझ्या पाठीमागं."

दवाखान्यातला कंपाउंडर हे म्हणाला आणि मी चाटच पडलो. मी कुठे ओरडलो होतो? 'जरा सरकून घ्या, एक माणूस मावेल' एवढंच म्हणालो होतो, रोज म्हणतो तसं. पण नव्या गाडीत ते वाक्य असं दणकलं की एका बाईच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं.

जुन्या डिझेलच्या गाडीत माझ्या आवाजाला सोबत होती. इंजिन धडधडायचं, पत्रा थडथडायचा, आणि या सगळ्यांच्या वर चढून बोललं तरच मागच्याला कळायचं की आपला थांबा आला. उमेदीची सगळी वर्षं तशी बोलण्यात गेली. गेल्या वर्षी आमच्या वस्तीवर खांब आले, तारा आल्या, घराघरातल्या रॉकेलच्या चिमण्या माळ्यावर गेल्या. वीज दारात आलीच आहे, तर म्हटलं बॅटरीवरची तीनचाकी घ्यावी. ती काल घेतली. चालते झकास, पण तोंडातून ब्र काढत नाही.

"म्हणजे मला भोंगा म्हणतात ते हॉर्नमुळं नाही?" मी विचारलं.

"हॉर्न काय, सगळ्यांच्याच गाडीला असतो," कंपाउंडर म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू काही घशाखाली उतरेना.

दुपारी आणखीच पंचाईत झाली. बाजारातून परत निघालो तर चार्जिंगची पट्टी लाल. रात्रभर गाडी लावून ठेवली होती, पिन मी स्वतः खोचली होती. मुलगी मागून आली होती, "बाबा, ते..." म्हणाली होती. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. आणि गाडीला कुणी हात लावायचा नाही." ती मुकाट आत गेली. आता लाल पट्टी बघून मी कंपनीच्या नावानं बोटं मोडत होतो. माणसं फाट्यावर उतरवली आणि घरचा रस्ता धरला. आमचं घर उताराच्या तळाशी आहे. वळणावरून गाडी नुसती सोडून दिली, ती घरंगळत अंगणात येऊन उभी राहिली. कुत्र्यानंसुद्धा मान उचलली नाही.

ओसरीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. पिनेशेजारचं बटण बंद होतं. रात्रभर मी बंद बटणाला गाडी बांधून ठेवली होती.

बटण कुणी बंद केलं, असं विचारायला मी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला.

"आज बाबांची गाडी बसणार बघ वाटेत. त्यांनी बटणच दाबलं नव्हतं."

"मग सांगायचं नाही का त्याला?"

हा आवाज माझ्या आईचा होता. मी श्वास तसाच धरून उभा राहिलो.

माझी आई बहिरी आहे. कान गेले त्याला बरेच दिवस झाले. मीच तिला शहरात नेलं होतं, डॉक्टर म्हणाले वयानं होतं असं, मीच कानातलं यंत्र आणलं. त्यात शिट्टी वाजते म्हणून तिनं ते डबीत ठेवून दिलं. तेव्हापासून तिला काही सांगायचं तर मी दोन्ही हात तोंडाशी धरून सांगतो. आणि इथं मुलगी हळू आवाजात बोलत होती, खिडकीतून दिसत होतं, आईची पाठ तिच्याकडे होती, आणि तरी आई तिला उत्तर देत होती.

"सांगायला गेले होते गं आजी. म्हणाले, मला शिकवू नकोस."

"बापाचं नाक वर, तसं बटणही वर," आई म्हणाली, आणि माझी बायको हसली.

खोटं कशाला सांगू, बायको अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. खळखळून, मध्येच ठसका लागून. आई माझ्या आवाजाची नक्कल करायला लागली. 'ए, पाणी आण!' हुबेहूब मी. तिघी पोट धरून हसल्या. समोर माझं घर होतं आणि माझ्या घरात मी नव्हतो.

मग बायको हसायची थांबली. "आत्या, आता कसं व्हायचं? आधी वळणावर आले की धडधड ऐकू यायची, आपण आपापल्या जागी बसायचो. या गाडीला आवाजच नाही. कधी दारात येऊन उभे राहतील, पत्ता लागायचा नाही."

"मग मला दिवसभर बहिरं राहावं लागणार म्हणायचं."

"सोडा की आता हे सोंग. सांगून टाका."

शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा येत होता.

"नको गं. पूर्वी तो रागानं ओरडायचा. आता मी बहिरी आहे म्हणून ओरडतो. आवाज तोच आहे, पण मनाला लागत नाही."

मी खांब धरला. काय वाटलं म्हणून सांगू? राग आला म्हणावं तर राग नव्हता. कुणीतरी कानाखाली वाजवावी आणि ती वाजवणारी आपलीच आई असावी, आणि तिला ते माहीतही नसावं, तसं झालं. रडू येईल असं वाटलं, पण रडायलासुद्धा आवाज लागतो.

आत जायची हिंमत झाली नाही. चपला काढल्या, हँडल धरलं आणि स्वतःच्या दारातून गाडी उलटी ढकलत नेली. चढ होता, पाय भाजत होते, पण दगड वाजू नये म्हणून मी एकेक पाऊल बघून टाकत होतो. वळणावर पोचलो, श्वास खाली बसू दिला आणि हॉर्न दाबला. पुन्हा एकदा दाबला. मग थांबलो, आणि मग गाडी खाली सोडली.

आत सगळं रोजच्यासारखं होतं. बायको चुलीपाशी, मुलगी पुस्तकात, आई भिंतीकडे तोंड करून शेंगा सोलत बसलेली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"आई, जेवलीस?" मी हळूच विचारलं.

तिचा हात शेंगेवर थांबला. मान वळली नाही.

"अहो, मोठ्यानं बोला," बायको घाईनं म्हणाली. "त्यांना कुठं ऐकू येतंय."

बरोबरच होतं. ओरडायलाच हवं होतं, नाहीतर तिचं सोंग उघडं पडलं असतं. मी तोंडाशी हात नेले, तोंड उघडलं. आवाज फुटेना. सगळ्या रस्त्याला ठाऊक असलेला भोंगा, आणि घशातून हवासुद्धा निघेना.

शेवटी मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि हातानं घास घेतल्यासारखं करून विचारलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली, हो.

मुलीला म्हटलं, "गाडी लावायचीय. बटण तू दाब." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग उठली.

आता रोज वळणावर हॉर्न वाजवतो. फाट्यापर्यंत ऐकू जातं, तिथं उतरलेला कंपाउंडर विचारतो, "भोंग्या, रस्ता मोकळा आहे, हॉर्न कुणासाठी?" मी म्हणतो, सवय. वारा घराकडून असला की तिघींचं हसणं तिथपर्यंत येतं. मी हॉर्न देतो. हसणं थांबतं. त्यांना जागेवर बसू देतो, आणि मग गाडी खाली घेतो.