डेल्फी येणारं माणूस

नूपुरने लॅपटॉप वळवून रक्तपेढीच्या विश्वस्तांसमोर धरला. पडद्यावर नागपुरातल्या नोकऱ्यांच्या गेल्या सहा महिन्यांतल्या जाहिराती होत्या.

"जावास्क्रिप्ट येणारी मुलं उद्या सकाळी हवी तेवढी मिळतील," ती म्हणाली. "पायथॉनचीही मिळतील. तुमचा रक्तसाठ्याचा प्रोग्राम डेल्फीत लिहिलेला आहे. त्या भाषेसाठी एकही जाहिरात नाही. जाहिरात नाही म्हणून कोणी शिकत नाही, आणि कोणी शिकत नाही म्हणून दुरुस्तीला माणूस मिळत नाही. सगळा नव्याने लिहावा लागेल."

धंतोलीतली ही रक्तपेढी चिटणीस इंदुताईंनी उभी केली होती. त्यांनी मान वर केली.

"अख्ख्या नागपुरात डेल्फी येणारं माणूसच नाही काय?"

नूपुरने पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मनोहरराव बसले होते. प्रोग्राम त्यांचाच. एकोणीस वर्षांत त्याने एकदाही चुकीच्या गटाची पिशवी दाखवली नव्हती. आता डोळे साथ देईनात म्हणून ते काम सोडत होते. कॉलेजात असताना नूपुर रोज संध्याकाळी त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, डेल्फी शिकायला जायची. या प्रोग्रामचा जवळजवळ अर्धा भाग तिने त्यांच्या शेजारी बसून लिहिला होता. खोलीतल्या बाकी कोणाला हे ठाऊक नव्हतं.

"सर, तुमचं काय म्हणणं?" इंदुताईंनी विचारलं.

मनोहररावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मॅडम बरोबर म्हणून राहिल्या. बाजारात जे मिळते, त्यातच लिहायले पाहिजे."

मॅडम. नूपुरचे कान तापले. फोन आल्याचं सांगून ती खाली पोर्चमध्ये आली. फोन आलेला नव्हता.

आठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मुलाखतीत समोरच्याने तिच्या बायोडेटातल्या 'डेल्फी' या शब्दावर बोट ठेवून हसत विचारलं होतं, हे अजून असतं? परतीच्या बसमधून उतरायच्या आत तिने तो शब्द काढून टाकला होता. मग नोकऱ्या मिळत गेल्या, स्वतःची कंपनी झाली, हाताखाली अकरा मुलं आली. आपल्याला डेल्फी येते हे एकदा कळलं की शहरातले सगळे जुने प्रोग्राम आपल्याच गळ्यात पडतील, असं तिने आज सकाळी स्वतःला समजावलं होतं. मनोहरराव बैठकीला असतील हे तिला माहीत नव्हतं. पण ते समोर दिसल्यावरही तिने ठरलेलं उत्तर बदललं नाही.

मनोहरराव कठडा चाचपत जिना उतरत होते. आधार द्यायला तिने हात पुढे केला, तोवर ते शेवटच्या पायरीवर पोचले होते.

"सर..."

"जेवली का वं?"

"हो."

"लय वाळली तू. तब्येतीकडे पाहत जा."

आणखी काही न बोलता ते फाटकाबाहेरच्या ऑटोत बसले.

वर इंदुताई एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी एक फाइल तिच्यापुढे सरकवली.

"सरांनी प्रोग्रामची सगळी माहिती लिहून दिली आहे. सोबत पत्र आहे. कालच दिलं होतं, पण मला वाचायला सवडच झाली नाही. आत्ता जाताना परत मागून घेतलं, त्यातलं काहीतरी खोडलं आणि दिलं."

नूपुरने पत्र उघडलं.

'माझ्यानंतर हा प्रोग्राम कोण सांभाळेल याची काळजी करू नये. माझ्याइतकाच तो जाणणारी एक व्यक्ती याच शहरात आहे.'

पुढची ओळ शाईने पुन्हा पुन्हा गिरवून काळी केलेली होती. मनोहररावांना ती नीट दिसली नसावी. पेन दोनदा वरच्या ओळीवर गेलं होतं.

"कोणाचं नाव असेल हो?" इंदुताई पत्रावर वाकल्या. "थांबा, सरांनाच फोन लावते."

"नका लावू."

नूपुर खुर्ची ओढून बसली. तिने पत्र टेबलावर ठेवलं, त्याची घडी तळहाताने सपाट केली.

"इंदुताई, मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."