भोंग्यापासून गाडीपर्यंत

पिंपरी आणि चिंचवड या दोन स्टेशनांच्या मधे, रुळांना लागून आमचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. पत्रा कापायचा म्हटलं की तो माणसालाही कापतोच, म्हणून फाटकाशेजारी तीन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर पुण्याहून सोमवारी आणि गुरुवारी येत. बाकीचे दिवस एक नर्स आणि दोन आया.

नर्स टिकायची नाही. एक लग्न करून गेली. दुसरी सासूच्या दुखण्याला गेली, ती तिकडचीच झाली. तिसरी म्हणाली, इथं संध्याकाळी कोल्हे ओरडतात. ते खरं होतं.

शेवटी मालकांनी ठरवलं की घरचीच एखादी शिकवून काढावी. घरच्या म्हणजे आम्ही दोघी. गोजाबाई भोसरीची, पंचेचाळिशीची विधवा, अक्षराशी कधी गाठ न पडलेली. मी खेडच्या शाळेत सातवी झालेली आणि नवऱ्यानं वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलेली. निवड करायला कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तीन वर्षं पुण्याच्या मोठ्या इस्पितळात शिकायचं, तोवर अर्धा पगार कारखाना देणार, आणि नंतर पाच वर्षं इथंच नोकरी करायची, असा कागद तयार झाला. सहीला माझा हात उचलेना. गोजाबाईनं मागून डोक्यात टपली मारली.

"कर सही, ठके. माझी सातवी झाली असती तर मी तुला इचारलंबी नसतं."

छप्पन सालच्या जूनमध्ये तीच मला स्टेशनवर सोडायला आली. पाच भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला आणि गाडी हलेपर्यंत थांबली नाही, कारण तिला भांडी उकळायची होती.

आयाचं सगळं काम मला तिनंच शिकवलेलं. टाके घालताना माणसाचं डोकं कसं धरायचं, रक्त बघून घेरी येणाऱ्याला आधी कसं ओळखायचं, आणि सुया-सिरिंजा कशा उकळायच्या. घड्याळ डॉक्टरांच्या खोलीत होतं, आणि ती खोली आठला उघडायची. गोजाबाईला तसंही घड्याळ कळत नव्हतं. तिचा हिशोब साधा होता: सातचा भोंगा झाला की उकळत्या पाण्यात टाकायचं, पुण्याकडची पॅसेंजर गेली की चिमट्यानं बाहेर काढायचं. पुण्याला पहिल्याच महिन्यात शिकवणाऱ्या सिस्टरनं फळ्यावर लिहिलं, वीस मिनिटं. सुट्टीत आले तेव्हा एका मैत्रिणीचं घड्याळ मागून आणलं होतं. भोंगा ते गाडी, एकवीस मिनिटं भरली. गोजाबाई सिस्टरपेक्षा एक मिनिट पुढेच होती. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गाडी सरकारची हाय, ती कशाला चुकंल.

एकोणसाठच्या सप्टेंबरात मी नर्स होऊन परत आले. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, छातीला उलटं टाचलेलं घड्याळ. पहिल्या दिवशी दुपारी डबा घेऊन सवयीनं मागच्या पडवीत गेले. तिथं पोत्यावर गोजाबाई आणि माझ्या जागी आलेली रतनबाई जेवत होत्या. मला बघून दोघी उठून उभ्या राहिल्या. गोजाबाईच्या हातात घास तसाच होता.

"सिस्टर, तुमी आत बसा. मी स्टूल पुसून देते."

मी म्हटलं, अगं, मी ठकी. ती म्हणाली, व्हय, पर कापडं पांढरी हायती, पोत्याची घाण लागंल. यात टोमणा होता की काळजी, हे मला आजही सांगता येणार नाही. मी आत जाऊन जेवले. माझ्या टेबलासमोर नजर तपासायचा तक्ता होता. रोज जेवताना मी तो वरून खाली वाचायचे. शेवटच्या ओळीपर्यंत दिसायचं. नजर चांगली होती, एवढं समाधान.

क्वार्टर मिळाली तीही नर्सची, सुटी, चाळीपासून लांब. चाळीत गोजाबाईच्या शेजारच्या खोलीत होते तेव्हा ती भिंतीवर लाटणं आपटून मला उठवायची. आता भिंतीपलीकडे शेत होतं.

मी हळूहळू मागच्या खोलीत जाणं सोडलं. गेले की गोजाबाई उठून उभी राहायची, हातातलं काम थांबायचं, आणि मला ते बघवायचं नाही. सकाळी उकळलेली भांडी झाकून माझ्या टेबलावर यायची. मी झाकण काढायचे आणि कामाला लागायचे.

ऑक्टोबरच्या मध्यावर दत्तोबा नावाचा कातरकामाचा माणूस लंगडत आला. आठवड्यापूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन मीच दिलं होतं. त्या जागी गळू झालं होतं. दोन दिवसांनी दुसरा आला, शनिवारी तिसरा. त्याला तर ताप होता. दत्तोबा हसून म्हणाला, बाई, पत्र्यानं बोटच कापलं होतं, तुम्ही बसायची सोय पण घालवलीत. हसण्यासारखं होतं. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांना गुरुवारीच पहिल्या दोघांचं दाखवलं होतं. त्यांनी आम्हा तिघींपैकी कुणालाच दोष दिला नाही. फक्त म्हणाले, सुईपासून हातापर्यंत सगळं तपासा आणि सोमवारी लेखी द्या. व्यवस्थापकांनाही द्यायचं आहे.

रविवारी कारखाना बंद, पण भोंगा आणि दवाखाना चालू असायचे. मी पावणेसातला मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. गोजाबाई उठली. मी म्हटलं, तुझं चालू दे. पाणी खळखळत होतं. भोंगा झाला, तिनं सुया सोडल्या. मी छातीवरचं घड्याळ वर धरलं. सात वाजून सहा मिनिटांनी पॅसेंजर धडधडत गेली आणि गोजाबाईनं चिमटा उचलला.

"गोजाक्का, इतक्यात?"

"गाडी गेली की."

एक तारखेपासून रेल्वेचं वेळापत्रक बदललं होतं. स्टेशनवर कागद लागला होता, मीही तो येता-जाता वाचला होता, पुण्याला जायची वेळ बघण्यासाठी. त्या कागदाचा या भांड्याशी काही संबंध असेल, हे तीन वर्षं शिकूनही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि गोजाबाईला तो वाचता येत नव्हता. गाडी लवकर येते असं तिला वाटलंही असेल, पण तिच्या हिशोबात भोंगा चुकू शकत होता, माणूस चुकू शकत होता, गाडी नाही.

मी सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. काढलेल्या सुया परत पाण्यात सोडल्या आणि चिमटा बाजूला ठेवला.

दुपारी मी अहवाल लिहायला बसले. एक वाक्य लिहिलं की चूक गोजाबाईची होत होती आणि तिची नोकरी, चाळीतली खोली सगळं त्या वाक्यावर लटकत होतं. ते गाळलं तर उद्या कुणीतरी सुई बदलेल, औषध बदलेल, आणि गळवं होतच राहतील. मी चार कागद फाडले. पाचव्याला दारात गोजाबाई उभी होती.

"काय लिवलंय ते वाचून दावा. मला येत न्हाई."

मी वाचलं. उकळण्याची वेळ आयेनं आगगाडीवरून मोजली. गाडीची वेळ बदलल्यानं सुया पुरेशा उकळल्या नाहीत. मीही आया असताना याच पद्धतीनं उकळत होते आणि नर्स झाल्यावर ती बदलली नाही. उकळताना पाहणं नर्सचं काम आहे. सुमारे महिनाभर मी ते पाहिलं नाही.

"ते मागचं, तुमच्यावरचं, कशापायी लिवलं?"

"खरं आहे म्हणून."

"मग पुढचं, माझ्यावरचंबी खरंच हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या दोन्ही."

जाताना तिनं दार हळू ओढून घेतलं. पूर्वी ती दार पायानं लोटायची.

सोमवारी डॉक्टरांनी दोनदा वाचून अहवाल व्यवस्थापकांकडे पाठवला. व्यवस्थापक गप्प बसणारे नव्हते. तीन वर्षं कारखान्यानं खर्च केला तो याचसाठी का, असं त्यांनी मला विचारलं, आणि माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. ते मला पटलं. गोजाबाईची नोकरी डॉक्टरांनी वाचवली. पण तिला लेखी ताकीद दिली गेली आणि त्या कागदावर तिचा अंगठा घेतला गेला फाटकावरच्या टेबलावर, शिफ्ट सुटायच्या वेळी, सगळे जात-येत असताना. शाई पुसायला रतनबाईनं पदर पुढे केला. मी खिडकीतून बघत होते. माझी चूक मात्र कुणीच चारचौघांत मोठ्यानं वाचली नाही.

ताकिदीच्या खाली नवा नियम होता: भांडी उकळताना नर्सनं स्वतः उभं राहायचं.

तेव्हापासून रोज सातला मी मागच्या खोलीत असते. भोंगा होतो, गोजाबाई सुया सोडते. सात-सहाला गाडी जाते. तिचा हात अजून चिमट्याकडे जातो आणि मधेच थांबतो. ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, छातीवरच्या घड्याळाकडे बघते. मी म्हणते, अजून चौदा. ती मान हलवते. मधे एकदा मी तिला काट्यांची ओळख करून द्यायला निघाले होते. ती म्हणाली, सिस्टर, ते तुमचं काम हाय.

ठके म्हणून तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. पण दिवसभरात कुणी माझ्याशेजारी सलग वीस मिनिटं उभं राहत असेल, तर ती एवढीच. खोलीत एकच स्टूल आहे. पहिल्या दिवशी तिनं ते पुसून माझ्याकडे सरकवलं. मी तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही, मग मीही बसले नाही. ते मधेच पडून आहे. वाफेनं त्याच्यावर पाणी साठतं आणि सव्वासातच्या सुमारास एक थेंब खाली ओघळतो.