पाचवा 'का'

चाकणच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मी क्वालिटीत होतो. या बबनरावच्या सहीशिवाय एक गिअर गेटबाहेर गेला नाही. रिटायर झालो आणि महिन्याभरात बायकोच्या पोळ्यांचा व्यास मोजायला लागलो. जयमालानं पट्टी हिसकावून घेतली. "रोज चार ते सहा घराबाहेर राहायचं. नाहीतर मी चालले राजगुरुनगरला, बहिणीकडं."

म्हणून आकुर्डीच्या बागेतल्या तत्त्वचिंतन मंडळात गेलो. मंडळ म्हणजे दोन बाकं, सहा पेन्शनर आणि अध्यक्ष अर्जुनराव, निवृत्त प्राध्यापक. नवा माणूस एक दिवस बसवून बघतात, सगळ्यांचे हात वर झाले तरच घेतात. नापास होऊन घरी जायची सोय नव्हती.

विषय होता, माणसाला दुःख का होतं. म्हणे अकरा वर्षं हाच चालू आहे. माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लागायचा!

"सर, कंपनीत आम्ही पाच वेळा 'का' विचारायचो," मी म्हणालो. "पाचव्याला मूळ कारण सापडतंच. तुम्हाला शेवटचं दुःख कधी झालं?"

"आज सकाळी," अर्जुनराव म्हणाले. "चहा गार प्यावा लागला."

"का?"

"बोलत बसलो."

"का?"

"सून कधी नव्हे ती समोर थांबली होती."

"कधी नव्हे ती का?"

"एरवी मी तोंड उघडलं की ती उठून जाते."

"का?"

"मी थांबत नाही ना."

"का?"

अर्जुनरावांनी चष्मा काढला. "थांबलो की पुन्हा कुणी बोला म्हणत नाही हो."

झालं, गेलो आपण, असं मला वाटलं. तेवढ्यात रिटायर्ड नर्स सुमनताईंनी विणकाम खाली ठेवलं. "आता तुमची पाळी. इथं का आलात?"

"बायकोनं हाकललं."

"का?"

"तिच्या पोळ्या मोजल्या."

"का?"

"चूक शोधल्याशिवाय राहवत नाही."

"का?"

"जन्म त्यातच गेला."

"मग आता तरी का?"

लाज वाटली, पण बोललो. "आता कुणी विचारतच नाही हो मला, हे बरोबर आहे का म्हणून."

अर्जुनरावांनी हात वर केला. मग एकेक करून सगळ्यांचे वर गेले. चष्मा पुसत अर्जुनराव माझ्याकडं वळले.

"बबनराव, मघाशी मी बोललो, ते बरोबर होतं का?"

"बरोबर," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजता माल पास केला.