दुसरी चांदी

तो पिवळा बिल्ला... त्याच्या भोकाला अजून दोन पांढरे केस चिकटलेले, आणि प्रतिभा मघापासून त्यांच्याकडेच बघत बसली होती, कारण स्क्रीनकडे बघायचं तिच्या जिवावर आलं होतं. वच्छलाबाईंची चांदी गाय दिवाळीत मेली. तिच्या कानातला हा बिल्ला घेऊन त्या आज आल्या, मागच्या बाजारातून नवी गाय आणलीय म्हणाल्या, आणि तिचंही नाव चांदीच, कारण त्यांच्या गोठ्यात चांदी असायचीच... "तीच लिव की बाई, नवीन कशाला?" एवढं बोलून त्या दुधाच्या रांगेकडे गेल्या.

आणि कंप्युटर दुसरी चांदी घेईना.

घेणार कसा? मालकाचं नाव आणि गाईचं नाव मिळून एक ओळख, ही अक्कल प्रतिभाचीच. बिल्ले काय, काटवणात अडकून पडतात. नाव कुठं पडतंय? दर शनिवारी एसटीने दौंडला जाऊन दोन तास डेटाबेस शिकायचा, येताना मांडीवर वही उघडून तेच पुन्हा वाचायचं, आणि सोमवारी न्हावऱ्याच्या या दूध संस्थेतल्या दीड हजार जनावरांवर त्याचा प्रयोग करायचा. एका ओळखीची ओळ एकच, असं क्लासच्या सरांनी बजावलेलं. मग ती जुनीच ओळ उघडायची, वय बदलायची, रंग बदलायची, झालं. आजही तेच केलं—आणि शेवटच्या रकान्यापाशी बोट थांबलं. लाळ्या-खुरकूतची लस: सप्टेंबर. आठ दिवसांपूर्वी आलेल्या गाईला सप्टेंबरात लस!

उद्या सकाळी डॉक्टर हीच यादी घेऊन फिरणार. लस झालेली दिसली की पुढच्या गोठ्याकडे वळणार. अशा किती चांद्या, किती कपिला तिने एकमेकींवर लिहिल्या होत्या... दहा? चाळीस? आता कुठून आठवणार? खरं सांगावं तर नोकरी जाईल, गप्प बसावं तर जनावरं. क्लासच्या सरांना तिने फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. बाहेर एवढी माणसं, कॅनचा खडखडाट, पण आपण काय करून बसलोय हे सांगितलं तर ज्याला कळेल असं एकही माणूस नव्हतं, आणि तिला फार एकटं वाटलं.

तिचा जन्म झाला तेव्हा घरचे सगळे मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. नोंद कोण करणार? तिच्या आधीची एक मुलगी वर्षाची होऊन वारली होती, तिची नोंद मात्र ग्रामपंचायतीत होती—हिला शाळेत घालताना आबांनी, तिच्या वडिलांनी, तोच दाखला पुढे केला. नाव प्रतिभा. तारीखसुद्धा तिचीच. ती कशी होती गं, असं लहानपणी एकदा विचारलं, तर गीताबाई, तिची आई, भाकरी थापता थापता म्हणाली,

"ती आता येगळी कुठं हाय? तूच ती."

इतकी वर्षं हे बोलणं तिला मायेचं वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा राग आला... आईचा, की स्वतःचा? जुन्याच ओळीत माझं वय, माझा रंग—मग तिचं असं काय राहून गेलं असेल, जे मी माझं समजून वागवतेय? आणि तिच्यासाठी आई रडली असेल, तर ते कुठं लिहिलंय?

दारातून संस्थेचे चेअरमन पोपटराव डोकावले. "प्रतिभा, झाली का यादी?"

 त्या नावाला आपल्याआधी दुसरं कुणीतरी ओ देईल म्हणून ती वाट बघत राहिली.