आवाजाचा पोत

शब्दकोशाच्या कचेरीत सकाळपासून तिचं डोकं उठलं होतं. ‘पोत’ या शब्दाची नोंद चार वाजता छपाईला जायची होती. कापडाचा पोत, मातीचा पोत, दोन्ही अर्थांना दाखले होते. घोडं अडलं होतं तिसऱ्यापाशी: आवाजाचा पोत. दोघांनी एकच सूर लावला तरी हा कोण नि तो कोण हे ज्यावरून कळतं, ते. कापडावरचा शब्द गळ्यापर्यंत पोचला होता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण कचेरीचा नियम एकच. छापील दाखला असेल तर अर्थ, नाहीतर काट.

“माझे वडील गाऊन प्रवचनं करायचे. चाळीस वर्षं हा शब्द त्यांच्या तोंडात आहे,” ती संपादकांना म्हणाली.

“तोंडातलं चालत नाही, बाई,” संपादक म्हणाले. “कागदावरचं आणा.”

तिने वडिलांना फोन लावला. घशाच्या आजाराने त्यांचं गाणं कायमचं बंद केलं होतं. “गळा गेला, निदान शब्द तरी तुमच्या कोशात राहू दे गं,” असं ते महिनाभर घोकत होते.

“छापलाय की!” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “माझ्या प्रवचनांच्या पुस्तिकेत, पहिल्याच पानावर. देव गळ्याचा पोत बघत नाही, आतली हाक ऐकतो. छपाईआधी मुद्रितं तूच तपासलीस ना?”

तिने धावत जाऊन कपाटातून पुस्तिका काढली. पहिलं पान. ‘देव गळ्याचा गोडवा बघत नाही.’ पुढेही गोडवा, त्याच्या पुढेही गोडवा. मग तिला आठवलं. तेव्हा नोकरी नवी, उत्साह दांडगा. कोशात हा अर्थ सापडला नाही म्हणून तिनेच अकरा ठिकाणी ‘पोत’ खोडून ‘गोडवा’ केला होता.

“कोशात नाही म्हणून पुस्तकात नाही, पुस्तकात नाही म्हणून कोशात नाही,” तिचं ऐकून संपादकांनी कपाळाला हात लावला. “धन्य आहे!” आणि तिसऱ्या अर्थावर काट मारली.

तिने पुन्हा फोन केला, सगळं सांगितलं.

“गोडवा? माझ्या गळ्याला?” वडील खोकत खोकत हसले.

“हसू नका, बाबा! कोशाची पुढची आवृत्ती वीस वर्षांनी निघेल!”

“मग आजच घरी वही घेऊन बस. मी सांगतो, तू उतरव, आणि नवी पुस्तिका काढ. फक्त मुद्रितं दुसऱ्या कुणाला तरी तपासू दे, माझी आई!”