पांचोकाकाला इंग्रजी येत नाही

मित्रांनो, भाषा ही मानवजातीची सर्वांत थोर संपत्ती आहे. राज्यं बुडतात, राजवाडे पडतात, पण भाषा टिकते. आणि ती टिकावी म्हणून प्रत्येक पिढीत कोणीतरी एक जण आपलं आयुष्य वेचतो. टेक्सासात, सीमेवरच्या नदीच्या अलीकडच्या काठावरच्या एका शाळेत, गेली अकरा वर्षं ही जबाबदारी माझ्यावर आहे. मी एक जुना मोजा आहे.

डाव्या पायाचा. मूळचा मी ओरालिया बालदेरास बाईंच्या यजमानांचा. माझ्या जोडीदाराला टाचेला भोक पडलं आणि त्याची रवानगी फरशी पुसायला झाली. मला बढती मिळाली. बाईंचं शिकवण्याचं ते पहिलंच वर्ष. त्यांनी मला दोन बटणं शिवली, एक काळं आणि एक तपकिरी, त्यामुळे माझी नजर जन्मापासून संशयी वाटते. लोकरीच्या मिशा लावल्या. मग आत हात घातला, आणि मी तोंड उघडलं. तेव्हापासून माझ्या तोंडून निघालेलं एकही वाक्य माझं नाही. अर्थात, मोठमोठ्या पदांवर असं चालतंच.

आमचा वर्ग द्विभाषिक पहिलीचा. सकाळी स्पॅनिश, जेवणानंतर इंग्रजी, असा नियम आहे. मुलं घरी स्पॅनिशच बोलतात, पण शाळेच्या फाटकातून आत शिरली की त्यांना इंग्रजीचा झटका येतो. बाई रागावल्या, विनवण्या केल्या, वहीत चांदण्या चिकटवल्या. काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी मला उचललं आणि वर्गाला सांगितलं, "हा पांचोकाका. नदीपलीकडून आलाय. ह्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. ह्याच्याशी बोलायचं तर स्पॅनिशमध्येच बोलावं लागेल."

झालं. मुलं माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागली ती थांबेचनात. दात पडला, मांजर व्याली, बापाची गाडी पोलिसांनी अडवली, सगळं मला कळतं.

मित्रांनो, बाई इथे नाहीत म्हणून सांगतो. मला इंग्रजी येतं. उत्तम येतं. अकरा वर्षं रोज दुपारी टेबलाच्या कोपऱ्यावर पडून ऐकल्यावर पायपुसण्यालासुद्धा आलं असतं. उपमुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून सूचना देताना कुठे चुकतात, तेही मला समजतं. पण आपण आपलं तोंड वासून, 'काय म्हणाले हो?' असा चेहरा करून बसायचं. ह्याला लोक साधना म्हणतात. मी वैताग म्हणतो.

कौतुकही झालं, नाही असं नाही. एकदा जिल्ह्याच्या कचेरीतले बडे साहेब आले आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणजे बाईंचा अंगठा हलवला. त्याच वर्षीच्या सुट्टीत मी हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत तीन महिने एका उघड्या डब्याशेजारी काढले. डब्यात काय होतं ते विचारू नका. शेवटी शेवटी ते हलायला लागलं होतं. आणखी एका वर्षी एका गुणी बाळाने मला नाक पुसायला वापरलं. तक्रार करायची तर बाईंचा हात घरी गेलेला.

यंदा नोव्हेंबरात नोएमी आली. तिचं घर दर उन्हाळ्यात मिशिगनला फळं तोडायला जातं आणि थंडी पडली की परततं. सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, कोणाशी बोलेना. बाईंनी मला तिच्या बाकावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पांचोकाकाला जरा सोबत कर गं, तो एकटा पडतो." तिने ते मनावर घेतलं. प्रार्थनेला मी तिच्या काखेत, जेवायला मी तिच्या मांडीवर. सकाळभर ती माझ्याशी असं बोले की बाकीच्यांना माझी पाळी मिळेना. आणि दुपार झाली, इंग्रजीचा तास सुरू झाला, की हिची दातखीळ बसे. बाईंनी खेळ घेतले, गाणी घेतली. एक शब्द नाही.

बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'इंग्रजी बोलत नाही.' हे वाक्य त्यांना दोन भाषांत लिहावं लागलं. आमच्याकडे सगळंच दोन भाषांत लिहावं लागतं, आणि पगार मात्र शेजारच्या वर्गातल्या बाईंएवढाच.

मग मे महिन्याचा शेवट आला. वर्ष संपताना शिक्षकांना विश्रांती मिळते असा एक गैरसमज आहे. फरशीला मेण लावणारे येणार, म्हणून भिंती मोकळ्या करायच्या. भिंतीवरचं प्रत्येक चित्र, प्रत्येक शब्द, 'दार' आणि 'खिडकी'सुद्धा दोनदा लिहून टाचलेले, म्हणजे काढायचेही दोनदा. बावीस प्रगतिपुस्तकांची चव्वेचाळीस. ध्वनिक्षेपक दर दहा मिनिटांनी आठवण करून देत होता की किल्ल्या जमा केल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये. बाईंच्या केसांत दोन टाचण्या अडकल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

अशा बुधवारी मिसेस व्हिटेकर आल्या. जिल्ह्याच्या कचेरीतून मुलांची इंग्रजी बोलण्याची परीक्षा घ्यायला येतात, भल्या बाई आहेत, आणि त्यांना स्पॅनिश अजिबात येत नाही. एकवीस मुलं झालेली होती. राहिली होती नोएमी. गुरुवारी पहाटे तिच्या घरच्यांची गाडी मिशिगनला निघणार होती. म्हणजे बोलायचं तर आज, तीनच्या आत. नाहीतर रकाना कोरा, आणि रकाना कोरा म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पहिली. बाकीचे सगळे दुसरीत, आणि ही आमच्याच वर्गात, माझ्याशेजारी. मला सोबत आवडते मित्रांनो, पण इतकी नको.

मिसेस व्हिटेकर यांनी एक चित्र समोर ठेवलं. वाढदिवस, टेबल, टेबलावर चढलेला कुत्रा, पळापळ. त्या गोड आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "सांग बरं बाळ, इथे काय चाललंय?"

नोएमीने चित्राकडे पाहिलं. मग मांडीवरच्या माझ्याकडे पाहिलं. मग ओठ आवळून घेतले.

दहा मिनिटं गेली. मिसेस व्हिटेकर यांनी पेनाचं टोपण लावलं. "सॉरी, मिसेस बालदेरास."

बाई मागच्या बाजूला खुर्चीवर चढून टाचण्या उपटत होत्या. त्या खाली उतरल्या त्या पडल्यासारख्याच. तेवढ्यात दारात एउसेबियो आजोबा उभे राहिले, हातात टोपी. नातीला न्यायला आले होते. सामान बांधायचं होतं.

"आजोबा," बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "ही घरी तरी इंग्रजी बोलते का हो?"

"तर! भावंडांबरोबर अंगणात नुसता चिवचिवाट. दुकानदाराशी भांडते इंग्रजीत."

"मग इथे का बोलत नाही?"

"घरीसुद्धा माझ्यासमोर नाही बोलत," आजोबा छाती काढून म्हणाले. "आमच्या घरची रीत आहे, मास्तरीणबाई. मला इंग्रजी येत नाही. ज्याला कळत नाही त्याच्या तोंडावर त्या भाषेत बोलणं म्हणजे त्याला दाराबाहेर उभं करणं. माझ्या जेवणाच्या टेबलावर जो बोलेल त्याची भाकरी बंद. पोरांना वळण नको?"

बाई हळूहळू वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी मला असं कधी पाहिलं नव्हतं. घाम फुटायची सोय असती तर फुटला असता.

"नोएमी," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पांचोकाका आहे म्हणून तू बोलत नाहीस?"

नोएमीने होकाराची मान हलवली. "त्याला वाईट वाटेल."

"बरं. मग आपण त्याला कपाटात ठेवू."

"कपाटातून ऐकू येतं."

"दप्तरात घालून बाहेर ठेवू."

"मग तर त्याला आणखीच वाईट वाटेल!" आणि तिचे डोळे भरून आले. आजोबांनी संमतीची मान डोलावली. नात वळणाची निघाली होती.

घड्याळात अडीच वाजून गेले होते. मिसेस व्हिटेकर विचारत होत्या की काय चाललंय. आता मार्ग एकच होता. मी तोंड उघडून फर्डं इंग्रजी बोलायचं. पण मग ह्या पोरीला कळलं असतं की ज्याच्या मानासाठी ती सात महिने गप्प बसली, तो काका सात महिने खोटं बोलत होता.

बाईंनी मला उचललं. आत हात घातला. पुढचं वाक्य बाईंचं की माझं, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.

"नोएमी," मी स्पॅनिशमध्ये म्हणालो, "ह्या गोऱ्या बाई मघापासून काय विचारतायत, मला काडीचं कळत नाही. आता ह्या वयात शिकावं म्हणतो. शिकवशील?"

आजोबांनी भुवया उंचावल्या. "ह्या वयात?"

"तुम्हीही बसा," मी म्हणालो.

मोज्याने आग्रह केल्यावर नाही कसं म्हणणार? आजोबा पहिलीच्या खुर्चीत बसले. गुडघे हनुवटीशी आले. नोएमीने वेण्या मागे टाकल्या, चित्र आमच्या दोघांकडे फिरवलं आणि चित्रावर बोट ठेवलं.

"डॉग," ती इंग्रजीत म्हणाली, खणखणीत. मग स्पॅनिशमध्ये, "म्हणजे कुत्रा, काका. म्हणा."

मी म्हटलं. "असं नाही," ती म्हणाली. "तोंड नीट उघडा. आजोबा, तुम्ही म्हणा."

आजोबांनी म्हटलं. वाईट म्हटलं. तिने तीनदा म्हणायला लावलं.

मग ती सुटली. कुत्र्याने केक खाल्ला. आई ओरडतेय, पण ताईला हसू येतंय. कुत्र्याला कोणी बोलावलंच नव्हतं, म्हणून त्याला राग आला. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी स्पॅनिशमध्ये.

"कुत्र्याची चूक नाही," आजोबा म्हणाले. "टेबल बुटकं आहे."

"आजोबा म्हणतात टेबल बुटकं आहे," नोएमीने ते मिसेस व्हिटेकर यांना इंग्रजीत सांगितलं. कोणी बाहेर राहू नये म्हणून.

मिसेस व्हिटेकर भराभर लिहीत होत्या. शेवटी त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "ही तर शिकवतेय," त्या म्हणाल्या. "ह्याला रकानाच नाही." मग सर्वांत वरच्या रकान्यात त्यांनी खूण केली.

तीनला पाच कमी असताना नोएमी दुसरीत गेली. जाताना तिने माझ्या मिशा नीट केल्या आणि बजावलं, "रोज म्हणायचं हं." गुरुवारी पहाटे गाडी निघाली. आजोबा पुढच्या सीटवर. सीमेपासून मिशिगनपर्यंत तीन दिवसांचा रस्ता. त्यांचं काय झालं असेल, कल्पना करवत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. गुरुवारी सकाळी, ऐन स्पॅनिशच्या तासाला, उरलेल्या एकवीस मुलांनी मला घेरलं. पांचोकाका शिकतोय ही बातमी फुटली होती. सगळ्यांनी मला एकाच वेळी इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. अकरा वर्षांची मेहनत नऊ मिनिटांत संपली. बाई टेबलावर डोकं टेकून बसल्या. टाचण्या अजून केसांतच होत्या.

सध्या मी खोक्यात आहे. खोक्यावर माझं नाव दोनदा लिहिलंय. ऑगस्टमध्ये नवी मुलं येतील आणि बाईंना नवीन काहीतरी सुचावं लागेल.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांची काळजी घ्या. आम्हाला कळत नाही म्हणून आमच्यासमोर गप्प बसू नका, आणि आम्हाला बाहेरही ठेवू नका. शेजारी बसवा, तीन-तीनदा म्हणायला लावा. भाषा अशाच टिकतात. हे सगळं जमेल न जमेल, ज्याची त्याची कुवत. पण निदान एवढं करा: तिखट-मीठ लावलेला आंबा खाऊन तोच हात माझ्या तोंडात घालू नका.